मुलीसाठी पहिला सरपटणारा प्राणी कोणता? गेको, ड्रॅगन, साप की कासव?

चिऊची आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. माझी मुलगी ९ वर्षांची आहे आणि गेले आठ महिने तिने एकच धोशा लावलाय, मला सरडा पाळायचाय. आधी वाटलं चार दिवसांचं वेड असेल, डायनासोरचं आलं आणि गेलं तसंच, पण हे काही उतरायला तयार नाही. झालं असं की तिच्या मैत्रिणीच्या घरी बिअर्डेड ड्रॅगन आहे. ही काचेसमोर जाऊन बसली तर त्याने पुढचा एक पाय उचलला, हवेत हळूच गोल फिरवला आणि परत खाली ठेवला. आई त्याने मला टाटा केला!! तेव्हापासून झोपेतसुद्धा तेच.

कुत्रा मांजर आमच्याकडे शक्यच नाही कारण मिस्टरांना दमा आहे आणि केसांची ॲलर्जी, त्यामुळे खवल्यांचा प्राणी ही कल्पना मला तशी वाईट वाटली नाही. पण मी वाचायला घेतलं आणि डोकं गरगरायला लागलं. कोणी म्हणतं लेपर्ड गेको (पालीच्या जातीचा एक प्राणी), कोणी म्हणतं ड्रॅगनच घ्या, कोणी म्हणतं साप सगळ्यात सोपा. आणि दुकानात विचारलं तर त्यांनी नाण्याएवढी कासवाची पिल्लं दाखवली आणि म्हणाले ह्यांना काही लागत नाही हो, पाणी बदललं की झालं.

आम्ही दोघं नोकरी करतो, दिवसभर घर बंद असतं. आणि घरात धाकटा आहे अडीच वर्षांचा, जे दिसेल ते तोंडात. मुलगी स्वभावाने शांत आहे, तिने एक वही केलीये, त्यात कोण काय खातं, किती मोठं होतं सगळं चित्रं काढून लिहिलंय. वही बघितली की नाही म्हणवत नाही पण उगाच भरीला पडून एखाद्या जिवाचे हाल करायचे नाहीत मला. कोणता प्राणी घ्यावा, रोजचं काम नक्की किती असतं, आणि ९ व्या वर्षी तिला एकटीला जमेल का? अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा.

खवलेवाला

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. एकटीला नाही जमणार, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. प्राणी मुलीचा म्हणून घरात येतो पण असतो तो तुमचा. लेपर्ड गेको नीट ठेवला तर १५ ते २० वर्षं जगतो, म्हणजे तुमची लेक पंचवीस वर्षांची होऊन घराबाहेर पडलेली असेल आणि गेको तुमच्याच घरात त्याच टँकमध्ये बसलेला असेल. म्हणून मुलीला कोणता आवडतो हे विचारायच्या आधी स्वतःला विचारा की ती कंटाळली तर ह्यातल्या कोणाचं मी मनापासून करेन. ज्याचं उत्तर हो येईल तो तुमचा प्राणी.

मी १४ वर्षं गेको ठेवतोय, मधे काही वर्षं एक ड्रॅगनपण होता, म्हणून दोन्हीबद्दल सांगू शकतो.

आधी त्या टाटाबद्दल. ड्रॅगन पाय फिरवतो ते हॅलो नसतं. समोर आपल्यापेक्षा मोठं कोणी आलं की तो सांगतो, मी लहान आहे, मला तुझ्याशी भांडायचं नाहीये. मुलीला हे नक्की सांगा, ती हिरमुसणार नाही, उलट तिला अजून भारी वाटेल. आपण काय समजतो आणि त्याला काय म्हणायचं असतं हे वेगळं असतं, आणि ते कळायला लागलं की हे प्राणी पाळायची खरी मजा येते. कुत्र्यासारखा जीव लावणं इथे नाहीये. तो तुम्हाला सहन करायला शिकतो, तुमचा हात धोक्याचा नाही हे त्याला कळतं, तेवढंच. ज्याला तेवढं पुरतं त्याने हे प्राणी पाळावेत.

आता ड्रॅगन. स्वभावाने खरंच छान, दिवसा जागा असतो, माणसाकडे बघतो, हातावर बसतो. पण मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, त्यामुळे त्याला बसायच्या दगडावर ४० च्या आसपास तापमान लागतं आणि वर यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची, ट्यूब लागतेच लागते, नाहीतर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो आणि पाय वाकतात. खिडकीतलं ऊन येतं की, असं म्हणून चालत नाही, काचेतून यूव्हीबी आत येत नाही. ट्यूब दिसायला लख्ख असली तरी आतली यूव्हीबी हळूहळू कमी होते, म्हणून ठरलेल्या मुदतीने बदलावी लागते, साधारण ६ ते १२ महिन्यांत. वाढ पूर्ण झाली की डोक्यापासून शेपटीपर्यंत ४०-५० सेंमीच्या वर जातो, टँक निदान ४ फूट लांब पाहिजे. रोज पालेभाजी चिरा, किडे द्या, आणि घाण पण चांगलीच करतो. वाईट नाहीये पण काम आहे.

लेपर्ड गेको त्यापेक्षा सुटसुटीत. आपल्या पालीचा लांबचा भाऊबंद, पण भिंतीवर चढत नाही कारण बोटांना ती चिकटणारी गादी नसते, आणि बहुतेक पालींना नसतात तशा ह्याला पापण्या असतात, त्यामुळे डोळे मिटून झोपतो आणि चेहरा हसरा दिसतो. २०-२५ सेंमी, ३ फुटांचा टँक पुरतो. चरबी शेपटीत साठवतो, शेपूट मानेइतकी जाड असली की समजायचं गाडी व्यवस्थित चाललीये. मोठा झाला की आठवड्यातून दोनतीनदाच खातो. संध्याकाळी बाहेर येतो, म्हणजे तुम्ही घरी पोचाल तेव्हा त्याची सकाळ झालेली असेल, तुमच्या वेळापत्रकाला हे उलट सोयीचं आहे.

पण खाणं म्हणजे जिवंत किडे. रातकिडे, अळ्या, पाळलेली झुरळं. भाजी फळं तो खातच नाही. आत्ताच सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरवा की घरात किड्यांचा डबा चालेल का.

जलचर

कासव नको. कृपा करून नको. मला हेच सांगितलं होतं दुकानात, की काही लागत नाही.

माझ्या मुलाच्या सातव्या वाढदिवसाला आणलं, लाल कानाचं म्हणतात ना ते, डोळ्यामागे लाल पट्टा असतो. तळहातावर मावायचं. ते आता ११ वर्षांचं आहे, मादी आहे, पाठ २६ सेंमी. माद्या नरापेक्षा मोठ्या होतात हे सांगायला तेव्हा कोणी नव्हतं. सुरुवातीला आम्ही ते प्लास्टिकचं ताटाएवढं भांडं आणि मधे खोटं नारळाचं झाड असलेलं आणलं, त्यात ते बिचारं चार महिने होतं आणि पाठ मऊ पडायला लागली. डॉक्टर म्हणाले ह्याला पोहायला खोल पाणी पाहिजे, बाहेर येऊन पूर्ण कोरडं होऊन शेकायला जागा पाहिजे, वर गरम बल्ब पाहिजे, यूव्हीबी पाहिजे, आणि फिल्टर टँकला लिहिलेला असतो त्याच्या दुप्पट ताकदीचा पाहिजे कारण ही मंडळी पाण्यातच खातात आणि पाण्यातच सगळं करतात. मग एकेक करत आणलं. आज आमच्या बैठकीच्या खोलीतली एक आख्खी भिंत तिची आहे, पाणी बदलायला रविवारचे दोन तास जातात, मुलगा शिकायला बाहेर गेलाय आणि ते मी करते. तिच्यावर माझा जीव आहे हे खरं, सकाळी मी दिवा लावला की काचेवर नखं वाजवत येते. पण तेव्हा माहिती असतं तर सात वर्षांच्या पोरासाठी मी हे घेतलं नसतं. अजून वीस वर्षंसुद्धा जगेल ती.

लोक कंटाळून तळ्यात सोडून देतात हे तर त्याहून वाईट. जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत ह्या कासवाचं नाव आहे, ते अशा सोडण्यामुळेच. तिथल्या मूळच्या कासवांची खायची आणि शेकायची जागा ही घेतात.

आणि ती नाण्याएवढी पिल्लं, अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान पाठीचं कासव पाळायला म्हणून विकायला १९७५ पासून बंदी आहे. कारण लहान मुलं ती तोंडात घालायची आणि आजारी पडायची. तुमचा धाकटा अडीच वर्षांचा आहे म्हणून मुद्दाम सांगतेय.

रात्रपाळी

जलचर ताईंनी शेवटी जे लिहिलंय तिथूनच पुढे लिहिते, मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे.

साल्मोनेला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात हे जंतू असणं अगदी नेहमीचं आहे, त्यांना स्वतःला काही होत नाही, प्राणी ठणठणीत दिसतो. विष्ठेतून ते त्याच्या अंगावर, टँकवर, पाण्याच्या भांड्यावर सगळीकडे जातात आणि तिथून तुमच्या हातावर. तपासणी केली आणि नाही सापडले तरी नाहीतच असं म्हणता येत नाही कारण ते सतत बाहेर पडत नाहीत, अधूनमधून पडतात. प्राण्याला औषध देऊन कायमचे घालवता येतात असंही नाही. मोठ्या माणसाला झालं तर बहुतेक वेळा जुलाब, ताप, पोटात मुरडा आणि चारसहा दिवसांत बरं. पण ५ वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये ते रक्तात उतरू शकतं, अगदी लहान बाळांत मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतं. म्हणूनच ५ वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल तर सरपटणारा प्राणी ठेवू नये असाच सल्ला दिला जातो.

आणि बाळाने प्राण्याला हात लावायलाच पाहिजे असं नाही. ताईने गेको हातात घेतला, फ्रॉकला हात पुसला, भावाला कडेवर घेतलं, त्याने फ्रॉकची बाही चोखली. झालं. अडीच वर्षांचं पोर दिवसात किती वेळा हात तोंडात घालतं ते तुम्ही मोजून बघा.

मी प्राण्यांच्या विरोधात नाही, माझ्या भावाकडे दोन साप आहेत आणि मला ते आवडतात. पण माझं मत विचाराल तर धाकटा पाचचा होईपर्यंत थांबा.

खवलेवाला

रात्रपाळी ताई, तुमचं म्हणणं मान्य आहे, मी धाकट्याचा मुद्दा नीट धरलाच नाही हे माझं चुकलं. शिस्त असेल तर लहान मूल असलेल्या घरातही जमवणारे लोक मी बघितलेत, टँक कुलपाच्या खोलीत, प्राणी फक्त मोठ्यांनी हाताळायचा, भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही धुवायची नाहीत, त्यासाठी बादली वेगळी, हात साबणाने, कपडे बदलून मग बाळाला घ्यायचं. पण इथे हाताळणार ९ वर्षांची मुलगी आहे आणि तिच्याकडून ही शिस्त रोज, एकही दिवस न चुकता, होईल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सापशिडी

थांबायचं की नाही हे ताईंनी ठरवावं, पण यादीत सापाचं नाव नुसतं भीतीपोटी खाली जाऊ नये म्हणून लिहितोय. आमच्याकडे कॉर्न स्नेक आहे, ७ वर्षं झाली, मुलगा १२ चा असताना आणला. पूर्ण बिनविषारी, अमेरिकेच्या आग्नेय भागातला, केशरी अंगावर लाल मोठे डाग, पोटाखाली पांढरा काळा चौकटींचा पट. चारसाडेचार फुटांपर्यंत होतो आणि अंगठ्यापेक्षा थोडा जाड. रोजचं काम विचाराल तर पाणी बदलणं आणि तापमान बघणं, बास. मोठा झाला की दहाबारा दिवसांतून एकदा खातो.

खातो काय हाच खरा मुद्दा आहे. उंदीर. गोठवलेले मिळतात, ते फ्रीझरमध्ये वेगळ्या बंद डब्यात ठेवायचे, द्यायच्या दिवशी पूर्ण वितळवून, पिशवीतच कोमट पाण्यात ठेवून अंगाइतके गरम करायचे आणि लांब चिमट्याने द्यायचे. जिवंत उंदीर कधीच टाकू नका, तो सापाला चावून जखमा करतो. आता हे मेलेले उंदीर बघून काही मुलं रडतात, काहींना काहीच वाटत नाही, तुमची लेक कशातली आहे हे तुम्हालाच माहिती. माझ्या बायकोला पहिली दोन वर्षं फ्रीझर उघडवत नव्हता. खाल्ल्यावर दोन दिवस हातात घ्यायचा नाही, नाहीतर उलटी काढतो.

पण कात टाकायची वेळ आली की मुलाला जे बघायला मिळतं ना त्याला तोड नाही. आधी रंग फिका होतो, मग डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हा त्याला नीट दिसत नसतं म्हणून चिडका होतो, आम्ही हात लावत नाही. मग डोळे परत स्वच्छ होतात आणि वाटतं अरे, कात कुठेय, आणि दोनचार दिवसांनी सकाळी बघावं तर दगडाच्या कडेला आख्खी कात पडलेली, पायमोजा उलटा काढावा तशी, डोळ्यांवरच्या दोन गोल टोप्यांसकट. मुलगा ती भिंगाखाली धरून डोळ्यांच्या टोप्या दोन्ही आहेत ना हे तपासतो, कारण एखादी डोळ्यावर तशीच राहिली तर डॉक्टरकडे जावं लागतं.

एक चूक आमची सांगतो. झाकणाला क्लिप होती पण एका बाजूची नीट बसत नव्हती, म्हटलं बघू नंतर. दुसऱ्या आठवड्यात साप गायब. नऊ दिवस. सगळं घर डोळ्यात तेल घालून शोधलं, शेवटी फ्रीजच्या मागे मोटरच्या उबेला वेटोळं करून बसलेला सापडला. डोकं जिथून जाईल तिथून साप जातो, कुलूप लागणारा टँक घ्या.

आणि भीती तुम्हाला असेल तर साप आणू नका. मुलीचं काही अडणार नाही पण ज्या दिवशी ती आजारी असेल त्या दिवशी पाणी तुम्हाला बदलायचंय.

हिरवं पान

क्रेस्टेड गेकोचं नाव कोणीच घेतलं नाही? किडे नको असतील तर सगळ्यात चांगला पर्याय तोच आहे. त्याच्यासाठी तयार पावडर मिळते, पाण्यात कालवून छोट्या वाटीत ठेवायची, रात्री येऊन चाटतो. मूळचा न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा, नामशेष झालाय असंच समजत होते आणि १९९४ मध्ये परत सापडला, आज जगभर पाळतात ते त्यानंतरचेच वंशज. डोळ्यांवर पापण्यांसारखे काटे दिसतात आणि जिभेने स्वतःचे डोळे पुसतो, मुलांना हे बघायला इतकं आवडतं.

ह्याला ऊब कमी लागते, २२ ते २६ च्या मधे खूश. पण तापमान २८ च्या वर राहिलं की त्रास, त्यामुळे तुमचं घर उन्हाळ्यात तापत असेल तर सरळ नाही म्हणा. टँक आडवा नाही, उभा लागतो, फांद्या पानं भरपूर, रोज रात्री पाणी फवारायचं. आणि हातातून उडी मारतो, न सांगता, एकदम. घाबरला तर शेपूट टाकतो आणि लेपर्डची शेपूट परत येते तशी ह्याची येत नाही, कायमचा बिनशेपटीचा राहतो. त्यामुळे हाताळायला म्हणून घेत असाल तर हा नाही, बघायला म्हणून घेत असाल तर हाच.

चिऊची आई

बापरे, इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. जलचर ताई, तुमचं वाचून कासवावर कायमची फुली मारली. साप माझ्याच्याने होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला कारण काल संध्याकाळी मी खरंच मोजलं. भाजी निवडताना अर्ध्या तासात धाकट्याने चौदा वेळा हात तोंडात घातला, त्यात दोनदा ताईचा हात. त्यामुळे मिस्टर आणि मी ठरवलंय की तो पाचचा होईपर्यंत नाही. म्हणजे अजून अडीच वर्षं. पण हे मुलीला कसं सांगू? अडीच वर्षं म्हणजे तिच्यासाठी जन्मभर. नुसतं नंतर बघू म्हटलं तर ती समजेल की आई टाळतेय, आणि मी खरंच टाळत नाहीये.

खवलेवाला

ताई, मग मी सांगतो ते करून बघा. तिला तारीख सांगा. धाकट्याचा पाचवा वाढदिवस, कॅलेंडरमध्ये लिहून. कारण पण खरं सांगा, भाऊ आजारी पडू शकतो म्हणून, ९ वर्षांच्या मुलीला हे कळतं. आणि तोपर्यंत हात रिकामे ठेवू नका, गेकोचं जेवण आधी पाळा.

मीलवर्म म्हणतात त्या अळ्या. धान्यात पिठात होणाऱ्या एका काळ्या भुंग्याच्या अळ्या असतात. गुळगुळीत भिंतीचा प्लास्टिकचा डबा, झाकणाला बारीक भोकं, तळाला तीन बोटं गव्हाचा कोंडा किंवा ओट्स, वर गाजराची किंवा बटाट्याची चकती, त्यातूनच त्यांना पाणी मिळतं. चकती दर दोन दिवसांनी बदलायची, बुरशी लागू द्यायची नाही. गुळगुळीत प्लास्टिकवर त्यांना चढता येत नाही त्यामुळे घरभर होत नाहीत. अळीचा कोष होतो, कोषातून भुंगा, भुंगा अंडी घालतो, आणि पूर्ण चक्कर व्हायला काही महिने जातात, तापमानावर आहे. वास जवळजवळ नाही, आवाज नाही. कोंड्याची बारीक धूळ मात्र उडते, म्हणून डबा तुमच्या दमा असलेल्या मिस्टरांच्या खोलीपासून लांब आणि साफसफाई बाल्कनीत. हात धुवायचेच, ही सवय इथूनच लागते.

माझ्याकडे जे कोणी मुलासाठी गेको मागायला येतात त्यांना मी आधी हा डबा देतो. चकती बदलायचा कंटाळा सहा महिन्यांत आला तर गेको आला नाही म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. आणि कंटाळा नाही आला तर त्या मुलाला प्राणी मिळायच्या आधीच कळलेलं असतं की जीव म्हणजे रोज असतं.

दुसरं, शेवटच्या तीनचार महिन्यांत टँक आणा आणि रिकामा चालवा. हे बहुतेक लोक करत नाहीत, प्राणी आणि टँक एकाच दिवशी घरी आणतात आणि मग चुका प्राण्याच्या अंगावर होतात. एका बाजूला गरम, जमिनीवर ३२ ते ३४, दुसऱ्या बाजूला २४-२५, कारण हा प्राणी अंगातली उष्णता स्वतः तयार करत नाही, इकडून तिकडे जाऊन तापमान जमवतो. दोन्ही बाजूंना लपायला गुहा आणि एक तिसरी गुहा ओलसर शेवाळाची, कात सुटायला. ओलावा कमी पडला तर बोटांवर कात दोऱ्यासारखी अडकते, रक्त पोचत नाही आणि बोट गळून पडतं. तळाला नुसती मोकळी वाळू घालू नका, पहिल्या प्राण्याला खरखरीत फरशी किंवा पेपर टॉवेल बरा, घाण पण लगेच दिसते. मुलीला वहीत रोज दोन्ही बाजूंचं तापमान लिहू दे, सकाळी एकदा, रात्री एकदा.

गरम करायचं कोणतंही साधन थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ते आपोआप बंद करणाऱ्या उपकरणाशिवाय, लावायचं नाही. आणि थर्मोस्टॅट लावला म्हणजे संपलं असंही नाही. माझ्या पहिल्या गेकोच्या वेळी सेन्सरची वायर टेपने चिकटवली होती, ती एका रात्री सुटली आणि सेन्सर गार बाजूला जाऊन पडला. थर्मोस्टॅटला वाटलं थंडी आहे, तो टँकच्या तळाची विजेवर तापणारी मॅट तापवतच राहिला. सकाळी गेकोच्या पोटावर लाल चट्टा, आणि तो तिथेच बसून होता, कारण खालून बसणारा चटका त्यांना वेळेवर कळत नाही. तीन आठवडे मलम लावलं, वाचला, पण डाग शेवटपर्यंत राहिला. तेव्हापासून सेन्सर मी टेपने लावत नाही, फरशीच्या खाली दाबून बसवतो आणि वेगळा थर्मामीटर पण ठेवतो.

प्राणी घ्याल तेव्हा पैदास करणाऱ्याकडूनच घ्या, रानातून पकडलेला नको, त्याच्या पोटात जंत आणि अंगात भीती दोन्ही असतात. तुम्ही राहता तिथे कोणती जात पाळायला कायद्याने चालते हे आधी बघा, ह्यात कोणाच्या शब्दावर जाऊ नका. आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा डॉक्टर प्राणी आणायच्या आधी शोधून ठेवा, सगळ्यांना येत नाही ते. हे प्राणी आजार लपवतात, दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

रात्रपाळी

हे मला फार पटलं. धाकट्यालाही तेवढ्यात हात धुवायची गोडी लागेल, दोघांना एकत्र धुवायला लावा, साबण लावून वीस आकडे मोजेपर्यंत.

चिऊची आई

पाच आठवड्यांनी लिहितेय. तारीख सांगितली त्या दिवशी रडली, खोटं नाही सांगत, खूप रडली. मग कॅलेंडर आणलं आणि स्वतः महिने मोजले. डबा आणलाय, पन्नास अळ्या. वही आता दोन झाल्यात. गाजराची चकती ती स्वतः बदलते, एकदाच विसरली आणि बुरशी आली तेव्हा इतकी घाबरली की सगळा कोंडा चाळणीने चाळून एकेक अळी वेगळी काढली. डबा तिच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, धाकट्याचा हात पोचत नाही.

आत्ता एक प्रश्न तातडीचा आहे, ती शेजारी उभी राहून मला टाईप करायला लावतेय. आज सकाळी चारपाच अळ्या एकदम पांढऱ्या दिसतायत, दुधासारख्या, आणि मऊ पण वाटतायत, बाकीच्या नेहमीसारख्या पिवळट तपकिरी आहेत. हलतायत हळूहळू. आजारी आहेत का? वेगळ्या काढू का? तिचं म्हणणं आहे की त्या मरतायत आणि ती शाळेत जायला तयार नाहीये.

खवलेवाला

मरत नाहीयेत! कात टाकलीये त्यांनी. नुकती टाकली की अंग पांढरं आणि मऊ असतं, थोड्या वेळाने परत पिवळी होतात आणि कडक होतात. वेगळ्या काढू नका, तिला म्हणावं कोंड्यात बघ, वर कुठेतरी कागदासारखी पातळ रिकामी कात पडलेली असेल. सापडली तर वहीत चिकटव आणि तारीख घाल. शाळेतून येईपर्यंत रंग बदललेला असेल, आल्या आल्या बघायचं आणि मला इथे कळवायचं.

चिऊची आई

सापडली!! तीन मिळाल्या. शाळेत गेली.